खांद्याच्या दुखापतींची तपासणी

खांद्याचा सांधा, त्याभोवतालचे स्नायू, कंडरा (स्नायू हाडास जोडणारे दोर), अस्थिबंध आणि तंत्रिका यांपैकी नेमक्या कोणत्या भागास इजा झाली आहे, हे पाहून, चाचपून, हालचाली करवून व काही ठराविक कसोट्या लावून ठरविण्याच्या वैद्यकीय पद्धतीस खांद्याची शारीरिक तपासणी म्हणतात. क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, पण कंडरा दिसत नाहीत. श्राव्यातीत ध्वनी आणि चुंबकीय अनुस्पंदन (एमआरआय) या पद्धतींनी कंडरा दिसतात. तथापि त्यांतून दिसणारी प्रत्येक चीर रुग्णाच्या दुखण्याचे कारण असतेच असे नाही. जर्मनीतील एका पाहणीत (१९९९) खांद्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ४११ व्यक्तींचे खांदे श्राव्यातीत ध्वनीने तपासले असता त्यांपैकी २३ टक्के व्यक्तींच्या कंडरा फाटलेल्या आढळल्या. ८० वर्षांवरील व्यक्तींत तर हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. म्हणून चित्रात दिसणारा दोष व रुग्णाची तक्रार यांचा मेळ घालण्याचे काम अखेर हाताने केलेल्या तपासणीलाच करावे लागते.

रचना : खांदा हा उखळीचा सांधा असला, तरी त्याची उखळ फार उथळ आहे. भुजास्थीचा (दंडाच्या हाडाचा) गोल माथा मोठा आणि अंसफलकावरील (खवाट्यावरील) खोबण लहान असल्यामुळे कोणत्याही स्थितीत माथ्याचा सु. एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच खोबणीला टेकलेला असतो. बशीच्या काठाशी लिंबू टेकवून धरावे तशी ही मांडणी आहे. खोबणीच्या कडेने असलेले तंतूंचे वलय (ओष्ठक) तिची खोली काहीशी वाढविते. याखेरीज सांध्याला स्थैर्य मिळते ते त्याच्या कोशामुळे आणि विशेषतः चार स्नायूंच्या कंडरांनी मिळून बनलेल्या पटामुळे. खवाट्याच्या मागील बाजूस जो आडवा कणा हातास लागतो त्याच्या वर ऊर्ध्वकंटक, त्याच्या खाली अधःकंटक व लघुवर्तुल आणि खवाट्याच्या पुढील, फासळ्यांकडील बाजूस अधःस्कंध हे ते चार स्नायू होत. ऊर्ध्वकंटक हात बाजूला उचलण्यास आरंभ करून देतो, अधःकंटक व लघुवर्तुल दंड बाहेरच्या बाजूस फिरवितात आणि अधःस्कंध तो आत फिरवितो. खांद्याच्या वरच्या टोकाशी असलेले हाड (अंसकूट) या पटावर छपरासारखे आलेले असते व त्या दोहोंमध्ये श्लेषपुटी असते. अंसकूट व जत्रुक (गळ्याचे हाड) यांच्यामध्ये आणखी एक छोटा सांधा असतो. हात कानापर्यंत, म्हणजे १८० अंश, वर नेताना त्यातील सु. १२० अंश खांद्याच्या मूळ सांध्यात व सु. ६० अंश खवाटा पाठीवर सरकल्यामुळे मिळतात. ही विभागणी लक्षात न घेतल्यास पूर्णपणे आखडलेला खांदाही केवळ खवाट्याच्या बळावर बराचसा उचलला जातो आणि तपासणारा फसतो.

कारणे : हात बाजूला उचललेला, कोपरात वाकलेला व दंड बाहेरच्या बाजूस फिरलेला अशा स्थितीत हिसका बसला की भुजास्थीचा माथा पुढे निसटतो. निखळणाऱ्या खांद्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक खांदे असे पुढच्या बाजूस निखळतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा हात पकडून मागे ओढला जातो तेव्हा नेमकी हीच स्थिती येते. मुंबईपासून रेल्वेने सु. ६८ किमी. अंतरावरील बदलापूर येथून उपनगरी गाडीने ये-जा करणारा प्रवासी वरची कडी धरून उभा असता गाडीला धक्का बसला, किंवा दारातील दांडा धरून लोंबकळताना त्याचा पाय सुटला, तरी सांध्यावर पडणारा ताण त्याच जातीचा असतो. कुस्तीत धोबीपछाडीसारख्या डावात फेकला गेलेला मल्ल खांद्याच्या टोकावर आदळतो. त्यात मूळ सांध्यापेक्षा जत्रुक व अंसकूट यांमधील सांध्यास इजा होण्याचा संभव अधिक असतो. क्षेत्ररक्षण करताना झेप घेतल्यामुळे होणाऱ्या इजेचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे मुंबईचा फलंदाज श्रेयस अय्यर याचे होय. २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळील गहुंजे येथे इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात त्याचा डावा खांदा अंशतः निसटला, एप्रिलमध्ये त्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तो सप्टेंबरमध्ये पुन्हा खेळू लागला.

हिसक्याने होणाऱ्या या इजांहून वेगळ्या, वर्षानुवर्षांच्या झिजेने होणाऱ्या इजांचा गट संख्येने मोठा आहे. ज्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला ते माथाडी व हमाल कामगार, घरांना रंग देणारे, गिरणीतील व गोदीतील कामगार, धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया यांच्या कंडरापटाची झीज हळूहळू होत असते आणि एखाद्या दिवशी नेहमीचेच ओझे उचलताना तो फाटतो. अशा रुग्णास ‘वयामुळे खांदा धरला आहे’ असे सांगून मालीश व शेक यांवर पाठविले जाते. ताजी फाटलेली कंडरा वेळीच शिवता येते. परंतु काही महिने लोटल्यावर ती आक्रसते, तिच्या स्नायूत मेद साचतो व शस्त्रक्रियेचा उपयोग कमी होतो. आखडलेला खांदा व फाटलेला खांदा यांतील भेद पाच मिनिटांच्या तपासणीने करता येतो आणि तो न केल्यास मोल चुकवावे लागते ते रोजंदारीवर जगणाऱ्याच्या हाताला.

इतिहास : निखळलेल्या सांध्याची लक्षणे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांगितलेली आहेत. पसरणे, आखडणे, फिरविणे या क्रिया न जमणे, तीव्र वेदना व स्पर्श सहन न होणे ही ती होत. सांधा कोणत्या दिशेस सरकला त्यावरून त्याचे सहा प्रकारही तेथे केलेले आहेत. खांदा निखळल्यास काखेत मुसळ घालून ती वर उचलावी व सांधा जागी बसल्यावर स्वस्तिकाकृती बंध बांधावा, असा उपचार चिकित्सास्थानात दिला आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या सांध्यांवरील ग्रंथात निखळलेल्या खांद्याची तुलना इतरांच्या खांद्याशी न करता त्याच रुग्णाच्या दुसऱ्या खांद्याशी करावी, असे बजावले आहे. हा नियम आजही तपासणीचा पाया आहे. तालमींतील वस्ताद व गावोगावचे हाडवैद्य यांनी खांदा बसविण्याची कला पिढ्यान्पिढ्या जतन केली. तिच्यातील कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र हाड मोडले आहे काय हे न पाहता, किंवा वृद्ध माणसाचा कित्येक आठवड्यांपूर्वी निखळलेला खांदा जोराने ओढून बसविताना काखेतील रोहिणी फाटून जीवावर बेतू शकते.

आधुनिक कसोट्यांचा आरंभ एकोणिसाव्या शतकात, क्ष-किरणांचा शोध (१८९५) लागण्यापूर्वी झाला. बॉस्टन येथील शस्त्रक्रियाविशारद अर्नेस्ट कॉडमन यांच्या द शोल्डर (१९३४) या ग्रंथाने कंडरापटाच्या इजांकडे लक्ष वेधले. ब्रिटिश शस्त्रक्रियाविशारद बँकार्ट यांनी १९२३ मध्ये वारंवार निखळणाऱ्या खांद्यात ओष्ठक सुटलेले असते, हे दाखविले. पुढे १९७० ते २००० या काळात कसोट्यांची संख्या इतकी वाढली की, आज शंभराहून अधिक कसोट्या निरनिराळ्या शस्त्रक्रियाविशारदांच्या नावांनी ओळखल्या जातात. त्यांपैकी व्यवहारात खरोखर उपयोगी पडणाऱ्या दहा-पंधराच आहेत.

प्राथमिक तपासणी : कसोट्यांकडे वळण्यापूर्वी रुग्णाचे वय, उजवा-डावखुरेपणा, व्यवसाय, इजा होताना हाताची स्थिती कशी होती आणि रात्री त्या कुशीवर झोपता येते की नाही, हे विचारतात. चाळिशीच्या आतील व्यक्तीत अस्थैर्य आणि चाळिशीनंतर कंडरापटाची इजा अधिक संभवते. ‘कोठे दुखते’ असे विचारल्यावर रुग्ण हात कसा नेतो, हेही बोलके असते. जत्रुकाच्या टोकाशी असलेल्या सांध्याचा रुग्ण एका बोटाने जागा दाखवितो. कंडरापटाचा रुग्ण पंजाने दंडाचा बाहेरचा भाग चोळतो व बहुधा दंडच दुखतो असे सांगतो. दुखणे मानेपासून निघून कोपराखाली बोटांपर्यंत जात असेल, तर उगम मानेच्या मणक्यांत असण्याचा संभव असतो आणि म्हणून प्रत्येक रुग्णाची मान फिरवून पाहणे आवश्यक ठरते.

निरीक्षणासाठी दोन्ही खांदे व पाठ उघडी असावी लागते. स्त्री रुग्णाच्या बाबतीत काखेखालून गुंडाळलेल्या चादरीने संकोच टळतो व तपासणीही पूर्ण होते. संकोचापोटी कपड्यांवरून केलेल्या तपासणीत खवाट्यावरील स्नायूंचा खळगा हमखास निसटतो; आणि हा खळगा म्हणजे जुनी फाटलेली कंडरा अथवा तंत्रिकेची इजा यांचा मूक पुरावा असतो. दंड वाकविल्यावर त्यातील बेटकुळी नेहमीच्या जागी न दिसता कोपराकडे घसरलेली दिसली, तर द्विशिर स्नायूची लांब कंडरा तुटली आहे, असे कोणत्याही कसोटीविना म्हणता येते.

हालचाली : प्रथम रुग्णाने स्वतः हालचाल करावयाची आणि नंतर तीच हालचाल तपासणाऱ्याने त्याचा हात धरून करावयाची, हा तपासणीतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. तपासणाऱ्याने हात उचलला तर पूर्ण जातो, पण रुग्णाला स्वतः तो उचलता येत नाही, असे असल्यास सांधा मोकळा असून दोष कंडरा, स्नायू किंवा तंत्रिका यांत आहे. दोन्ही प्रकारे हालचाल सारखीच अडत असेल, तर सांधाच आखडला आहे. हा भेद करण्यास सर्वांत सोयीची हालचाल म्हणजे कोपर बरगडीला टेकवून व काटकोनात वाकवून पुढचा हात बाहेरच्या बाजूस फिरविणे. दुसऱ्याने फिरवूनही हात बाहेर फिरत नसेल, तर बहुधा तीनच शक्यता उरतात : आखडलेला संधिकोश, सांध्याची झीज आणि मागे निखळलेला खांदा. पहिला विकार चाळीस ते साठ या वयांत व विशेषतः मधुमेही व्यक्तींत आढळतो आणि त्यात क्ष-किरण चित्र निर्दोष असते. म्हणून अशा रुग्णाच्या रक्तातील साखर तपासणे इष्ट असते.

निखळलेला खांदा : पुढे निखळलेल्या खांद्याची नेहमीची गोलाई नाहीशी होऊन तो चौकोनी दिसतो, अंसकूट टोकदार भासतो व त्याखाली बोट दबते. रुग्ण निखळलेला हात दुसऱ्या हाताने सावरून धरतो. अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद ड्यूगस यांच्या कसोटीत त्या हाताचा पंजा विरुद्ध खांद्यावर ठेवून कोपर छातीला टेकविण्यास सांगतात. खांदा निखळलेला असल्यास हे जमत नाही. हॅमिल्टन यांच्या कसोटीत दंडाच्या बाहेरच्या बाजूस सरळ पट्टी धरतात. निरोगी खांद्याच्या फुगवट्यामुळे पट्टीचे वरचे टोक अंसकूटाला टेकू शकत नाही, निखळलेल्या खांद्यात ते टेकते. कॅलवे यांची पद्धती याहून साधी आहे : काखेतून खांद्यावर फीत गुंडाळून दोन्ही बाजूंचा घेर मोजला असता निखळलेल्या बाजूचा घेर जास्त भरतो. क्ष-किरण यंत्र सर्वत्र पोहोचल्यानंतर या तीनही कसोट्यांचे महत्त्व ओसरले. तथापि जेथे रात्री-अपरात्री चित्र काढण्याची सोय नसते, तेथे त्या आजही उपयोगी आहेत.

खांदा बसविण्यापूर्वी मनगटाची नाडी आणि कक्षीय तंत्रिका या दोन गोष्टी तपासून त्यांची नोंद केली जाते. ही तंत्रिका भुजास्थीच्या मानेला वळसा घालून जात असल्याने माथा निखळताना ताणली जाते. सैनिक व पोलीस बाहीवर जेथे पथकाचे चिन्ह लावतात, त्या जागी त्वचा बधिर झाली आहे काय, ते पाहतात. मात्र स्पर्श कळत असूनही तंत्रिका दुखावलेली असू शकते. म्हणून कोपर हलकेच बाहेर ढकलण्यास सांगून खांद्याचा त्रिकोणी स्नायू बोटांखाली आवळतो की नाही, हे पाहणे अधिक खात्रीचे. ही नोंद आधी केलेली नसेल, तर नंतर आढळलेली बधिरता मूळ इजेची की खांदा बसविण्याच्या प्रयत्नाची, हा वाद उरतो.

मागे निखळलेला खांदा विरळा असला, तरी तो ओळखण्यात फार चुका होतात. अपस्माराचा झटका किंवा विजेचा धक्का ही त्याची वैशिष्ट्यपूर्ण कारणे होत. कारण अशा वेळी दंड आत फिरविणारे बलवान स्नायू एकदम आकुंचित होऊन माथा मागे रेटतात. समोरून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात हा खांदा जवळजवळ प्राकृत दिसतो, त्यामुळे रुग्णास ‘फक्त मुरगळला आहे’ असे सांगून घरी पाठविले जाते. येथे हाताची तपासणी चित्रापेक्षा सरस ठरते. दंड आत वळलेला व छातीलगत अडकलेला असतो, तो मुळीच बाहेर फिरत नाही आणि दोन्ही हात समोर धरून प्रसाद घेण्यासाठी करतात तसे तळवे वर करण्यास सांगितले असता त्या बाजूचा तळवा पूर्ण वर होत नाही. एवढे आढळले, की बाजूने किंवा काखेतून दुसरे चित्र घ्यावयास हवे.

वारंवार निसटणारा खांदा : तरुणपणी एकदा निखळलेला खांदा पुनःपुन्हा निखळण्याची प्रवृत्ती असते. मधल्या काळात तो दिसावयास निर्दोष असतो व रुग्णही कबड्डीच्या मैदानावर परतलेला असतो. अशा खांद्याची परीक्षा करताना रुग्णास उताणे निजवून दंड बाजूला ९० अंश नेतात, कोपर काटकोनात वाकवितात आणि पुढचा हात सावकाश मागे, बाहेरच्या बाजूस झुकवितात. खांदा अस्थिर असल्यास रुग्णाचा चेहरा एकदम बदलतो, स्नायू आवळले जातात आणि तो तपासणाऱ्याचा हात धरतो. केवळ दुखले म्हणजे कसोटी होकारार्थी झाली असे नाही. खांदा आता निसटणार ही भीती हेच तिचे लक्षण मानावयाचे असते. लगेच तळव्याने भुजास्थीचा माथा पुढून मागे दाबून धरला आणि भीती नाहीशी झाली, तर निदान पक्के होते. दंड खाली ओढल्यावर अंसकूटाखाली खाच पडणे, हे सांधा सैल असल्याचे चिन्ह होय. पण सैल असणे म्हणजे अस्थिर असणे नव्हे. मल्लखांब किंवा व्यायामी कसरती लहानपणापासून करणाऱ्या मुलामुलींत अशी खाच दोन्ही बाजूंस सहज आढळते व ती विकाराची खूण नसते.

कंडरापटाच्या कसोट्या : हात बाजूने वर नेताना सु. ६० ते १२० अंश या टप्प्यातच दुखते व त्याच्या आधी आणि नंतर दुखत नाही, या लक्षणास वेदनेची कमान म्हणता येईल. या टप्प्यात कंडरापट अंसकूटाच्या छपराखाली दाबला जातो. चार्ल्स नीअर यांनी हात पुढून पूर्ण वर नेऊन आणि हॉकिन्स व केनेडी यांनी (१९८०) समोर काटकोनात धरलेला दंड आत फिरवून हाच दाब कृत्रिमरीत्या निर्माण केला. या दोन्ही कसोट्यांनी कंडरापट दुखावला असल्यास बहुधा दुखते. पण इतर अनेक विकारांतही दुखते. आखडलेल्या खांद्यात तर त्या नेहमीच होकारार्थी येतात, म्हणून हालचालींची तपासणी त्यांच्या आधी होणे अगत्याचे आहे.

वेदनेपेक्षा दुर्बलता दाखविणाऱ्या कसोट्या अधिक भरवशाच्या असतात. जोब यांच्या कसोटीत (१९८२) दोन्ही हात खांद्याच्या पातळीत, किंचित पुढे धरून, पेला उपडा केल्याप्रमाणे अंगठे खाली वळवावयास सांगतात व वरून दाब देतात; एक हात दबला, तर ऊर्ध्वकंटकाची कंडरा दुबळी आहे. तपासणाऱ्याने बाजूस उचलून दिलेला हात सावकाश खाली आणता न येता धप्पकन पडणे, हे मोठ्या फाटीचे चिन्ह होय. अधःकंटकासाठी कोपर काटकोनात ठेवून पुढचा हात शक्य तितका बाहेर फिरवून देतात आणि ‘येथेच धरून ठेवा’ असे सांगून मनगट सोडतात. स्नायू असमर्थ असल्यास दाराची फळी मिटावी तसा हात आत परततो. अधःस्कंधासाठी गर्बर यांची कसोटी (१९९१) वापरतात. पंजाची मागची बाजू कमरेवर ठेवून तो पाठीपासून दूर उचलण्यास सांगतात. ज्याचा हात पाठीमागे जातच नाही, त्याला तळवा पोटावर दाबण्यास सांगितले जाते. स्नायू फाटलेला असल्यास मनगट वाकते व कोपर मागे पडते. अधःकंटक व लघुवर्तुल दोन्ही निकामी झाल्यास हात तोंडापर्यंत नेताना रुग्णाला कोपर हातापेक्षा उंच न्यावे लागते. लग्नाच्या वरातीत तुतारी फुंकणाऱ्याची जी ऐट असते, तीच येथे असहायतेने येते. या चिन्हाच्या पाश्चात्त्य नावाचा अर्थही शिंग फुंकणारा असाच आहे.

दुर्बलता खरी की दुखण्यामुळे हात सोडून दिला गेला, हे ठरविणे अवघड असते. अशा वेळी अंसकूटाखाली बधिरीकरणाचे औषध टोचून काही मिनिटांनी कसोटी पुन्हा घेतात. वेदना गेली व ताकद परतली, तर कंडरा बहुधा शाबूत असते. वेदना जाऊनही हात उचलता येत नसेल, तर ती फाटली आहे असे समजतात.

इतर कसोट्या : द्विशिर स्नायूच्या कंडरेसाठी यर्गसन (१९३१) व स्पीड यांच्या कसोट्या प्रचलित आहेत. पहिलीत वाकविलेल्या कोपराने, विरोध होत असताना तळवा वर वळवावयाचा असतो व दुसरीत सरळ हात तळवा वर ठेवून उचलावयाचा असतो. दोहोंचेही निष्कर्ष ढोबळच. जत्रुकाच्या टोकाच्या सांध्यासाठी हात छातीवरून विरुद्ध खांद्याकडे ओढून पाहतात. ओष्ठकाच्या वरच्या भागाच्या इजेसाठी अनेक कसोट्या सुचविल्या गेल्या व जवळजवळ सर्वच निराशाजनक ठरल्या. ओब्रायन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या कसोटीची अचूकता मूळ निबंधात शंभर टक्क्यांच्या आसपास दाखविली होती. नंतरच्या अभ्यासकांना ती तशी कधीच आढळली नाही. नव्या कसोटीचा जनक स्वतःच तिचा परीक्षक असतो, तेव्हा असे घडणे नवलाचे नाही.

खांद्याबाहेरील कारणे : सर्व हालचाली मोकळ्या व वेदनारहित असून रुग्ण खांद्यात दुखत असल्याची तक्रार करीत असेल, तर कारण अन्यत्र शोधतात. श्रम केल्यावर डाव्या खांद्यात व दंडात येणारी कळ हृदयाची असू शकते. पित्ताशयाच्या विकारात उजव्या खांद्यात दुखते. दहीहंडीच्या थरावरून पडलेल्या गोविंदाचा डावा खांदा टोकाशी दुखत असून तो सहज हलत असेल, तर प्लीहा फाटून पोटात रक्तस्राव होत असल्याची शंका तत्काळ घ्यावी लागते. मध्यपटलाला चेतविणाऱ्या रक्तामुळे ही वेदना खांद्यात जाणवते. अशा वेळी खांद्याच्या चित्रासाठी घालविलेला वेळ प्राणघातक ठरू शकतो.

कसोट्यांचे मूल्य : कोणत्याही कसोटीचे मूल्य दोन गोष्टींवर अवलंबून असते : इजा असलेल्यांपैकी किती जणांत ती होकारार्थी येते (संवेदनशीलता) आणि इजा नसलेल्यांपैकी किती जणांत ती नकारार्थी राहते (विशिष्टता). २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात वेदनेची कमान असल्यास कंडरापटाच्या विकाराची शक्यता (म्हणजे असणे व नसणे यांचे गुणोत्तर) ३·७ पटींनी वाढते आणि नसल्यास ती ०·३६ पट होते, असा निष्कर्ष निघाला. याचा अर्थ असा : एखाद्या दवाखान्यात खांदेदुखीच्या १०० रुग्णांपैकी ३० जणांना असा विकार असतो असे समजले, तर कमान आढळलेल्या रुग्णात त्याची संभाव्यता सु. ६१ टक्क्यांवर जाते व न आढळलेल्या रुग्णात सु. १३ टक्क्यांवर येते. बाहेर फिरविलेला हात परतण्याची कसोटी याहून बलवान असून तिच्यासाठी हा गुणक सु. ७ आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्यात मात्र कंडरापट दाबला जाण्याच्या स्थानिक कसोट्यांपैकी एकीचीही शिफारस करण्याजोगा पुरावा नाही, असे मत नोंदविले गेले. या दोन मतांत वाटतो तेवढा विरोध नाही. एकेकटी कसोटी दुबळी असते. वय, दुर्बलता, हालचालींतील फरक आणि दोन-तीन कसोट्या एकाच दिशेस बोट दाखवू लागल्या, म्हणजे निदानाला बळ येते. दहा कसोट्या करून त्यांतील एक होकारार्थी आली म्हणून तिच्यावर विसंबणे ही चूक नवशिक्यांकडून नेहमी होते.

पुनर्तपासणी : इजेनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत वेदना व सूज यांमुळे बहुतेक कसोट्या घेता येत नाहीत आणि घेतल्या तरी त्यांचा अर्थ लागत नाही. म्हणून हाड मोडलेले नाही व सांधा जागेवर आहे याची खात्री झाल्यावर हात झोळीत ठेवून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात. ही दुसरी भेट चाळिशीवरील रुग्णात विशेष महत्त्वाची आहे. त्या वयात खांदा निखळताना कंडरापटही वरचेवर फाटतो, परंतु खांदा बसविला म्हणजे काम संपले असे रुग्णास व कधीकधी वैद्यासही वाटते. अशा रुग्णास नंतर हात उचलता येत नसेल, तर तो कक्षीय तंत्रिकेच्या इजेमुळे की फाटलेल्या कंडरेमुळे, हे पाहावे लागते. त्रिकोणी स्नायू बोटांखाली आवळत नसेल व बाहीच्या चिन्हाची जागा बधिर असेल, तर दोष तंत्रिकेत असून ती बहुधा काही महिन्यांत आपोआप सुधारते. स्नायू चांगला आवळत असूनही हात उचलत नसेल आणि बाहेर फिरवून सोडलेला हात परत आत येत असेल, तर कंडरा फाटलेली आहे. तेव्हा श्राव्यातीत ध्वनी किंवा चुंबकीय अनुस्पंदन यांच्या साहाय्याने फाटीचा आकार पाहून शस्त्रक्रियेचा निर्णय शक्यतो पहिल्या काही आठवड्यांतच घेतला जातो. दोन्ही इजा एकत्र असण्याचाही संभव असतो. म्हणून तंत्रिकेची इजा आढळल्यावरही कंडरापटाची तपासणी सोडून देत नाहीत.